चाळीसपैकी चाळीस

ताईंच्या स्वभावाबद्दल गल्लीत दोन मतं नाहीत. हाताच्या चोख, मनाच्या सरळ आणि तोंडाच्या फटकळ. स्वतःच्या घरी जाताना शेजाऱ्याच्या दारातलं पायपुसणं वाकडं दिसलं, तर पायाने सरळ करून मगच पुढे जातात. वर "एवढंही जमत नाही का लोकांना?" हे शेजाऱ्याला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणतात. शेजारी काही बोलत नाहीत. पायपुसणं खरोखरच वाकडं असतं, आता काय बोलणार!

या ताई सव्वीस वर्षं इस्पितळाच्या तळमजल्यावर, निर्जंतुकीकरण विभागात आहेत. त्यातली अकरा वर्षं इन्चार्ज म्हणून. वर ऑपरेशन थिएटरात वापरलेली हत्यारं खाली येतात, धुतली जातात, ट्रेमध्ये लावली जातात, वाफेच्या भट्टीतून काढली जातात आणि पुन्हा वर जातात. खिडकी नाही, चकचकाट नाही, पेशंटचे नातेवाईक पेढे द्यायला येत नाहीत. वरच्या डॉक्टरांना आभाराचे कागद येतात. ताईंना येतो तो फोन, "ट्रे अजून का नाही आला?"

ट्रे लावायची तिथली एक रीत आहे आणि ती ताईंनीच घालून दिली. टेबलाच्या एका बाजूला ताई यादी घेऊन, समोर चिमणी. चिमणी म्हणजे त्यांची जोडीदारीण. आवाज बारीक, बोटं त्याहून बारीक, नजर मात्र घारीची. ताई मोठ्याने पुकारतात, "सरळ कात्री, दोन!" चिमणी त्या उचलते, दिव्याखाली बघते, ट्रेमध्ये ठेवते आणि म्हणते, "दोन." मग ताई यादीतल्या चौकटीत बरोबरची खूण करतात. "वाकडा चिमटा, चार!" "चार." खूण. एकही चौकट रिकामी असेल तर ट्रे जागचा हलत नाही. रिकामी चौकट म्हणजे हत्यार कमी, आणि कमी हत्यार शोधायचं ते कुठे, तर कदाचित माणसाच्या पोटात. त्यामुळे सव्वीस वर्षांत ताईंच्या हाताने एकही चौकट रिकामी सोडली नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण सगळी भानगड इथेच झाली.

एका सोमवारी ऐन गर्दीत वरून कागद आले. "कर्मचारी मनःस्वास्थ्य पाहणी." चाळीस ओळी, प्रत्येक ओळीपुढे एक चौकट, आणि वर लिहिलेलं, "लागू असेल तिथे बरोबरची खूण करा." आणणाऱ्या शिपायाने घाई लावली, दहा मिनिटांत परत द्या म्हणाला. भट्टीची शिट्टी वाजत होती, थिएटरचा फोन खणखणत होता. ताईंनी कागद घेतला आणि समोर यादी आली की हात जे करतो ते हाताने केलं. वरून खाली, चाळीस चौकटी, चाळीस खुणा. चिमणीने ताईंचं बघितलं आणि तसंच केलं. भट्टीवाले काका चष्मा घरी विसरले होते, त्यांनी चिमणीचं बघितलं. विभागातल्या आठही जणांनी चाळीसच्या चाळीस भरून, वर सुबक सही करून, कागद परत दिले.

चौथ्या दिवशी प्रशासनाच्या मॅडमनी ताईंना वर बोलावलं. खोलीत मॅडम होत्या, आणि मऊ शर्ट घातलेले, मऊ आवाजाचे एक गृहस्थ होते. मॅडमनी ताईंना बसायला सांगितलं आणि पाण्याचा ग्लास स्वतःच्या हाताने पुढे केला. सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं होतं, त्यामुळे आपली नोकरी गेली असंच ताईंना वाटलं.

"ताई, तुम्ही इतकं सहन करत होतात, बोलला नाहीत कधी!" मॅडम म्हणाल्या.

"काय सहन करत होते?"

मॅडमनी कागद पुढे सरकवला. ताईंनी पहिल्यांदाच तो वाचला. झोप लागत नाही. भूक लागत नाही. विनाकारण रडू येतं. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. घरचे नकोसे वाटतात. सगळ्यांपुढे खूण, आणि खाली त्यांची सही.

"अहो, हे चुकून झालं! आमच्याकडे चौकट रिकामी ठेवत नाहीत ना, म्हणून..."

मऊ गृहस्थ पुढे झुकले. "ताई, नाकारणं ही अगदी नैसर्गिक पहिली पायरी असते. एक खोल श्वास घ्या."

"मला श्वास नको, नवा कागद द्या. पुन्हा भरते."

"बघितलंत?" गृहस्थ मॅडमकडे वळले. "सगळं पुन्हा नीट करायचा अट्टाहास. बत्तीस नंबरची ओळ."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी आवाज चढवला, तर तो सतरा नंबरमध्ये बसला. गप्प बसल्या, तर तो एकवीस नंबर निघाला. ही कसली परीक्षा, की पेपर फाडला तरी मार्क मिळतात!

मॅडमचा निर्णय मात्र पक्का होता. अहवाल वरच्या समितीकडे गेला होता. सगळ्या इस्पितळात सर्वांत जास्त ताण तळमजल्यावर, आठांपैकी आठ जण चाळीसपैकी चाळीस. म्हणून दर बुधवारी अकरा ते बारा, सहा आठवडे, मन सांभाळण्याचं प्रशिक्षण. शेवटच्या बुधवारी पुन्हा तोच कागद. बाकीच्यांचं पुढचं पुढे बघता येईल, पण इन्चार्जच्या वीसच्या वर खुणा निघाल्या तर त्यांना टेबलावरून काढून जुन्या नोंदींच्या खोलीत बसवायचं. "तिथे काहीच होत नाही ताई, अगदी शांत आहे," मॅडम प्रेमाने म्हणाल्या. "तुमच्याच भल्यासाठी."

निवृत्तीला अडीच वर्षं राहिली होती. ती अडीच वर्षं, जिथे काहीच होत नाही अशा खोलीत! ताई जिना उतरल्या तेव्हा त्यांचे पाय खरंच लटपटत होते. ते कितव्या नंबरात बसतं हे कागदावर बघायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर त्यांनी सगळं नवऱ्यासमोर ओतलं. नवरा म्हणजे भूगोलाचा निवृत्त मास्तर. जगात कुठे भूकंप झाला तरी खुर्चीतून न उठणारा माणूस.

"अगं, पण त्यात काय एवढं? सहाव्या आठवड्याला कोरा कागद दे. शून्य मार्क."

"कोरा? म्हणजे काही नाहीच म्हणून सांगू? आणि असेल तर?"

"काय असेल तर?"

"अहो, आहे ते नाही म्हणून कसं सांगू? कमी हत्याराचा ट्रे वर पाठवण्यासारखंच झालं ते!"

"आणि पहिल्यांदा चाळीस ठोकल्यास तेव्हा?"

ताईंचा चेहरा पडला. खरं तर हेच त्यांना आतून कुरतडत होतं. न बघता खूण करणाऱ्या किती पोरींना त्यांनी रडवलं होतं त्या टेबलावर! आणि स्वतः चाळीस वेळा न बघता खूण केली. त्या दिवशी मास्तरांना भाजीत मीठ दोनदा पडल्यासारखं लागलं. त्यांनी ते सांगितलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात भूगोलाव्यतिरिक्त एवढं ते शिकले होते.

बुधवार उजाडला. अकरा ते बारा ही वेळ ज्याने निवडली त्याला तळमजल्याचा जिना माहीत नसावा. सकाळच्या ऑपरेशनांची हत्यारं साडेदहाला खाली येतात आणि दुपारचे ट्रे साडेबाराला वर लागतात. मधले दोन तास म्हणजे विभागात श्वास घ्यायलाही फुरसत नसते, आणि त्यातला एक तास नेमका श्वास घ्यायला दिला होता. काकांनी शिकवायला आलेल्या त्या मऊ गृहस्थांचं नाव पहिल्याच दिवशी श्वाससाहेब ठेवलं. माणूस वाईट नव्हता हो. पण कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्याच्या नाकातून निघायचं.

पहिल्या बुधवारी साहेबांनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला. "पाच मिनिटं फक्त बघा. जणू आयुष्यात पहिल्यांदा बघताय."

आठही जण बघायला लागले. बघणं हे तर त्यांचं पोटापाण्याचं काम. एका मिनिटात चिमणीने बेदाणा परत केला.

"काय झालं?"

"देठ राहिलाय सर. बाद."

"माझ्याला चीर आहे," काका म्हणाले. "आणि सर, हे उघड्या डब्यातून दिलंत तुम्ही. हात धुतले होते का?"

सात बेदाणे बाद झाले. आठवा पास झाला, पण तो ताईंनी खाल्ला नाही. पाकिटावर तारीख नव्हती.

दुसऱ्या बुधवारी सतरंज्या घालून सगळ्यांना उताणं झोपवलं. डोळे मिटा, म्हणाले, आणि मी सांगेन त्या अवयवाकडे लक्ष न्या. दिवे मंद झाले. साहेब हळुवार आवाजात म्हणाले, "पायाचे अंगठे..."

"दोन," चिमणी म्हणाली.

"बोलायचं नाही. फक्त जाणवू द्या. घोटे..."

"दोन."

"गुडघे..."

"दोन. ताई, खूण करताय ना?"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि पाणी आणायला दिवे लावावे लागले. ताई हसल्या नाहीत. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. पावणेबारा. खाली नऊ ट्रे उघडे पडले होते. त्या बुधवारी थिएटरला ट्रे वीस मिनिटं उशिरा गेले आणि ताईंना वरून फोनवर जे ऐकावं लागलं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. पण घरी गेल्यावर दोनदा मास्तरांवर खेकसल्या आणि रात्री कुशी बदलत राहिल्या. मास्तर अर्धवट झोपेत म्हणाले, "झोप लागत नाही, पहिली ओळ ना ती?" त्यावर उशी आली.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी स्वतः खाली येऊन काम बघितलं आणि त्यांना ताणाचं मूळ सापडलं. आवाज! "तुम्ही सतत ओरडता ताई. हेच काम आपण मौनात केलं तर? एक आठवडा करून बघू. मौन पॅकिंग."

"अहो, ते ओरडणं नाही. पुकारणं आहे."

"शब्द बदलून ताण बदलत नाही, ताई."

मॅडमची चिठ्ठी आली, सहकार्य करावे. ताईंनी सहकार्य केलं. यादी चिमणीच्या पुढ्यात ठेवली आणि चिमणी मुकाट्याने ट्रे भरू लागली. गुरुवारी नुसती यंत्रांची घरघर. शुक्रवारी एक ट्रे बांधून भट्टीच्या दारात गेला, आणि ताईंना कसंसंच झालं. काही कळलं नव्हतं, काही दिसलं नव्हतं. नुसतं कान रिकामे वाटत होते. "काका, थांबा!" त्या ओरडल्या. ट्रे परत उघडला. चारऐवजी तीन वाकडे चिमटे. यादीत खूण मात्र चाराची. चौथा चिमटा टेबलावरच, कापडाखाली.

चिमणी पांढरीफटक पडली. "ताई, तुम्ही म्हटलं असतंत तर मी दिला असता. तुमचा आवाज आला नाही, तर हातच पुढे होत नाही हो."

ताईंनी एरवी तिला फाडून खाल्लं असतं. आज मात्र त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विनाकारण नाही, चांगलं भक्कम कारण होतं. मग उठल्या, टेबलाशी गेल्या आणि विभागाच्या दोन्ही दारांबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सरळ कात्री, दोन!" मौन तिथेच संपलं. ताईंनी झाला प्रकार वहीत लिहून मॅडमकडे पाठवला. उत्तर आलं, "आपण भावना मोकळेपणाने व्यक्त करू लागलात, याचा आनंद आहे."

आता सांगा, माणसाने कुठे डोकं फोडावं? भिंतीवर म्हणावं तर ती पण ओळ कागदावर होती.

सहावा बुधवार आला. वरच्या सभागृहात आठ बाकं मांडली होती. मॅडम, श्वाससाहेब आणि समितीचे एक वयस्क डॉक्टर समोर बसले होते. तोच कागद, त्याच चाळीस ओळी. आदल्या दिवशी काकांनी सगळ्यांना बजावलं होतं, "कोरा द्यायचा आणि चालू पडायचं." सात जणांनी कोरा कागद दोन मिनिटांत दिला. ताई पेन धरून तशाच.

"ताई, सोडा ना," चिमणी मागून कुजबुजली. "तुम्ही गेलात तर टेबलावर मला कोण पुकारणार?"

"ये इकडे," ताई म्हणाल्या. "समोर बस. आज तू वाच. मी बघते आहे का नाही ते."

चिमणीने कागद हातात घेतला, घसा खाकरला आणि त्या शांत सभागृहात तिचा बारीक आवाज शिट्टीसारखा घुमला. "झोप लागत नाही!"

ताईंनी क्षणभर विचार केला. "दर बुधवारी नाही लागत. आहे. खूण कर."

श्वाससाहेब उठले. "अहो, हे खाजगी असतं, मनातल्या मनात..."

"आमच्याकडे मनातल्या मनात मोजलेला ट्रे वर जात नाही," ताई म्हणाल्या. वयस्क डॉक्टरांनी साहेबांना हाताने खाली बसवलं. ते सर्जन होते. पंचवीस वर्षं ताईंचेच ट्रे उघडत आले होते.

"भूक लागत नाही!"

"लागते. सोड."

"विनाकारण रडू येतं!"

"कारणाने आलं. सोड."

"घरचे नकोसे वाटतात!"

ताईंना उशी आठवली. "नाही, तसं नाही. सोड."

"डोकं दुखतं!"

"आहे."

"छोट्या गोष्टींवरून चीड येते!"

"आहे. आणि छोट्या नाहीत त्या."

असं करत करत गाडी पुढे गेली. आहे, सोड, आहे, आहे. काका दाराशी उभे राहून बोटं मोडत मोजत होते. तिसाव्या ओळीला चौदा. पस्तिसाव्याला सतरा. अडतिसाव्याला एकोणीस. काकांची बोटं संपली होती, आता ते शर्टाची बटणं धरून मोजत होते. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"लोकांवर ओरडावंसं वाटतं!"

सगळ्यांनी ताईंकडे बघितलं. चिमणीचे डोळे विनवत होते. ताईंनी आधी श्वाससाहेबांकडे बघितलं, मग मॅडमकडे, मग पुन्हा श्वाससाहेबांकडे.

"आहे," त्या म्हणाल्या. "आत्ता, या क्षणी आहे. खूण कर."

वीस.

चिमणीचा आवाज आणखी बारीक झाला. "चाळीस. आपलं काम आपल्याला झेपत नाही, असं वाटतं."

ताईंनी आठवून बघितलं. गेल्या सहा आठवड्यांत हे एकदा तरी मनात आलं होतं का? उशीर झालेले ट्रे आले होते डोळ्यांपुढे, फोन आला होता, तो तीन चिमट्यांचा ट्रे आला होता. जिन्यावर पाय लटपटले होते. त्यांनी त्या सगळ्याकडे नीट बघितलं, दिव्याखाली कात्री धरून बघावं तसं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. ट्रे चुकला होता. पण थांबवलाही त्यांनीच होता.

"नाही," ताई म्हणाल्या. "सोड."

"रिकामी?"

"रिकामी."

चिमणीने कागद समोर ठेवला. वीस खुणा, वीस रिकाम्या चौकटी. नियम वीसच्या वरचा होता. काकांनी दाराशीच टाळी वाजवली आणि मग आपण सभागृहात आहोत हे आठवून दोन्ही हात खिशात घातले.

बदली रद्द झाली. टेबल ताईंचंच राहिलं. इथवर सगळं छान. पण शुक्रवारी सूचना फलकावर मोठा कागद लागला, "तळमजल्यावरील ताण सहा आठवड्यांत निम्म्याहून अधिक घटला! इन्चार्जचा ताण पन्नास टक्के, इतरांचा शंभर टक्के!" खाली श्वाससाहेबांचा हसरा फोटो. इस्पितळाच्या सगळ्या विभागांना आता हेच प्रशिक्षण.

"अहो, पण त्या वीसमधल्या तेरा या प्रशिक्षणानेच लागल्या!" ताई घरी येऊन मास्तरांपुढे उभ्या राहिल्या.

"टेबल राहिलं ना पण?"

"राहिलं."

"मग झालं तर."

"काय झालं तर! माझ्या जिवावर हा माणूस आता स्वयंपाकघरातल्या लोकांना बेदाणे वाटणार!"

नुसते बेदाणे नाहीत. मॅडमनी ताईंना खास विनंती केली. बुधवारी अकराला स्वयंपाकघरात जाऊन, दहा मिनिटं, आपला अनुभव सांगावा. बुधवारी. अकराला. ताईंनी दात आवळून हो म्हटलं, कारण ज्यांच्यावर हे संकट येऊ घातलं होतं त्यांना सावध करणं भाग होतं.

स्वयंपाकघरात तीस माणसं कागद हातात घेऊन बसली होती. ताई उभ्या राहिल्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट मुद्दा.

"कागद वाचा. घाई करू नका. शिपाई थांबेल, त्याला काही होत नाही. जे आहे तिथेच खूण करा. जे नाही ते रिकामं सोडा. दुसऱ्याचं बघून भरू नका. आणि तुमच्या कामाची जी रीत आहे ती कुणी बदला म्हणालं, तर आधी त्याला तुमच्याबरोबर एक ऐन गर्दीची वेळ उभं करा. झालं."

मोठ्या कढईवालीने हात वर केला. "ताई, पण मन शांत कसं ठेवायचं?"

"ते या साहेबांना विचारा. माझे नऊ ट्रे उघडे पडलेत." आणि ताई निघाल्या.

मागून श्वाससाहेबांचा भारावलेला आवाज आला. "पाहिलंत? किती स्पष्ट, किती ठाम, किती स्थिर! सहा आठवड्यांपूर्वी या बाई अशा नव्हत्या."

तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. ताई जिन्यात थांबल्या. परत वर जाऊन एकदाचं सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. मग घड्याळ बघितलं आणि दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत तळमजल्याकडे सुटल्या.